दवाखाना बंद असतो तेव्हा मधुमेह कोण सांभाळतो?

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा अत्यावश्यक सेवांमध्ये औषधांची दुकाने होती, आणि त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णांचे फारसे काही अडणार नाही असे अनेकांना वाटले. सुरुवातीची धावपळ सोडली तर गोळ्या बहुतेक ठिकाणी मिळत राहिल्याही. पण खासगी दवाखान्यांच्या ओपीडी बंद होत्या किंवा अर्धवेळ चालत होत्या, तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी नेणारी एसटी थांबली होती, मोठी सरकारी रुग्णालये कोविडच्या रुग्णांसाठी राखली गेली होती आणि साध्या रक्ततपासणीसाठी लॅबमध्ये जायलाही लोक धजावत नव्हते. रुग्णाच्या हातात होती ती काही महिन्यांपूर्वीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवरचे डोस ठरले तेव्हा तो रोज कामावर जात होता, ठरावीक वेळी जेवत होता, संध्याकाळी थोडा चालत होता. आता यातले काहीच तसे राहिले नव्हते, आणि बदललेल्या दिवसाशी जुना डोस कसा जुळवायचा हे त्याला कधी कोणी शिकवले नव्हते.

रुग्णशिक्षण म्हटले की आपल्याकडे काय खावे आणि काय टाळावे याचा एक छापील कागद डोळ्यांसमोर येतो. आहाराची यादी हा त्यातला लहानसा भाग आहे. आपली साखर कशामुळे वर-खाली होते हे समजणे, आपण घेतो ती प्रत्येक गोळी नेमके काय करते हे ठाऊक असणे, समोर आलेल्या आकड्यावरून पुढचे पाऊल ठरवता येणे आणि कोणत्या टप्प्यावर स्वतः काहीही न करता तातडीने मदत मागायची ती सीमा ओळखणे, हे सगळे त्यात येते. वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे जाणारा रुग्ण, प्रत्येक वेळी त्याला पंधरा मिनिटे मिळतात असे धरले तरी, वर्षभरात एक तास डॉक्टरांसमोर असतो. उरलेल्या सगळ्या वेळात मधुमेहाचे निर्णय तो स्वतः घेतो किंवा त्याच्या घरचे घेतात. एरवी या निर्णयांतली उणीव झाकली जाते, कारण बिघडले की दवाखाना गाठता येतो. साथ, पूर किंवा संचारबंदीत तो आधार निघून जातो.

हा प्रश्न किती जणांचा आहे, याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) आयसीएमआर-इंडियाब या पाहणीवरून येतो. २००८ ते २०२० या काळात राज्याराज्यांत झालेल्या या पाहणीचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. म्हणजे साथ आली तेव्हा एवढ्या मोठ्या संख्येने लोक आधीच या आजारासह जगत होते. कोविडच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात, वय, लिंग आणि सामाजिक परिस्थिती लक्षात घेऊनही, टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये रुग्णालयात कोविडने मृत्यू होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आणि टाइप १ असलेल्यांमध्ये सुमारे साडेतीनपट दिसली. मधुमेह आहे म्हणून कोरोना लवकर होतो, असा याचा अर्थ लावून त्या वेळी पुष्कळ घबराट पसरली. मात्र हे आकडे कोविडने होणाऱ्या मृत्यूंबद्दलचे होते, संसर्ग होण्याबद्दलचे नव्हते. आधीपासून साखर जास्त असलेल्यांना हा धोका अधिक होता, आणि साखर आटोक्यात ठेवणे हे काही प्रमाणात तरी रुग्णाच्या हातात असते.

तीच गोळी, बदललेले ताट

रक्तात साखर दोन वाटांनी येते. एक वाट जेवणाची, ती सर्वांना माहीत असते. दुसरी वाट यकृताची. यकृत हे साखरेचे कोठारच आहे, आणि रात्री झोपेत किंवा उपासाच्या वेळी शरीराला लागणारी साखर तेथून हळूहळू सोडली जाते. ही साखर पेशींत पोहोचवणे आणि कोठाराचे दार गरजेपुरतेच उघडे ठेवणे ही दोन्ही कामे इन्सुलिन करते. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. टाइप २ मध्ये ते बनते, पण पुरेसे परिणामकारक ठरत नाही, आणि वर्षे जातात तसे बनण्याचे प्रमाणही घटत जाते.

टाळेबंदीत पहिली वाट अनेक घरांत बदलली. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळू लागले, आणि महाराष्ट्रात सुरुवातीच्या महिन्यांत ते मुख्यतः तांदूळ होते. उपासमार टाळण्यासाठी ही योजना आवश्यकच होती. पण ज्या घरात ज्वारीची भाकरी होत असे तेथे दोन्ही वेळा भात शिजू लागला, भाजी महागली किंवा मिळेनाशी झाली, आणि जेवणानंतरची साखर चढू लागली. अशा वेळी 'भात बंद करा' हा सल्ला काही कामाचा नसतो, कारण घरात दुसरे काही नसते. भाताची मूद लहान करून तिच्यासोबत वरण, मटकी, चवळी, हरभरा किंवा अंडे यांचे प्रमाण वाढवणे, एकाच वेळी पोटभर भात खाण्याऐवजी तो दोन-तीन वेळांत विभागणे, आणि जेवणानंतर घरातल्या घरात किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे चालणे हे मात्र करता येण्याजोगे असते. शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असे. तेच जेवण घेणारा रुग्ण भाजी आणि वरण आधी खाऊन भात शेवटी, तोही अर्धाच, घेऊ शकत होता. कोणी सांगितले असते तर त्याने तसे केलेही असते.

दुसरा बदल काढ्याचा. आयुष मंत्रालयाच्या २०२० मधील सूचनांमध्ये तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा होता, आणि चवीसाठी हवा तर गूळ किंवा लिंबू असे म्हटले होते. च्यवनप्राशाबाबत मधुमेहींनी साखरविरहित घ्यावे अशी स्पष्ट सूचनाही त्याच यादीत होती. घराघरांत मात्र गूळ घातलेला काढा दिवसातून दोन-तीनदा प्यायला गेला, कारण गूळ आणि मध नैसर्गिक आहेत, त्यांनी साखर वाढत नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते. काढा प्यायचा असेल तर तो गुळाशिवाय प्यावा.

साखर वाढण्याइतकाच, किंबहुना अधिक तातडीचा धोका ती एकदम कमी होण्याचा होता, आणि त्याविषयी फार कमी बोलले गेले. हातावर पोट असलेल्या माणसाचे काम गेले, एक वेळचे जेवण कमी झाले, पण गोळी तीच राहिली. येथे आपल्या गोळीची ओळख कामी येते. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनचे इंजेक्शनही जेवणाची वाट पाहत नाही. त्यामुळे जेवण चुकणार असेल तर यांपैकी कोणती गोळी टाळायची किंवा इन्सुलिन किती कमी करायचे हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले असावे.

साखर ७० मिग्रॅच्या खाली गेली की घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकदम भूक लागणे ही लक्षणे दिसतात. ५४ च्या खाली बोलणे असंबद्ध होऊ शकते आणि पुढे शुद्ध हरपू शकते. वयस्कर माणसांत तर घाम-थरथर न होता केवळ चिडचिड किंवा गोंधळलेपणा दिसतो आणि घरच्यांना ते वयाचे वाटते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून ७० च्या आत असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी, आणि सुधारल्यावर पोळी किंवा भातासारखे काही खायला द्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साधी साखर पचायला वेळ लागतो, म्हणून अशा घरात चवीची नसलेली साधी ग्लुकोज पावडर ठेवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली साखर, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे बरे वाटले तरी त्या रात्री रुग्णाला एकटे सोडू नये.

आपल्याकडच्या गोळ्यांची एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत फारशी आढळत नाही. भारतात दोन किंवा तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असते, आणि रुग्ण तिला 'शुगरची गोळी' एवढ्याच नावाने ओळखतो. रोजच्या सोयीला हे बरे, पण आजारपणात यातले एकच औषध थांबवायचे असेल तर ते शक्य होत नाही. गोळ्या पुरवून वापरण्यासाठी त्या अर्ध्या करणेही धोक्याचे आहे, कारण नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असे लिहिलेल्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात आणि मोडल्या की ती रचना बिघडते. पाकिटावरची बारीक अक्षरातली नावे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घ्यावीत, आणि प्रत्येकापुढे ते औषध काय करते ते एका ओळीत लिहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आकडा कधी घ्यायचा

घरातला ग्लुकोमीटर संकटकाळात रुग्णाचा मोठाच आधार असतो, पण स्ट्रिप महाग असतात, आणि म्हणून बहुतेक जण त्या रोज सकाळी उपाशीपोटी वापरून संपवतात. तोच तो आकडा रोज पाहण्याने फार काही कळत नाही. आठवड्याला चारच स्ट्रिप परवडत असतील तर त्या जोडीने वापराव्यात. एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, दुसऱ्या एखाद्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर. दोन आकड्यांतला फरक त्या ताटाने काय केले ते सांगतो, आणि मग मुठीभर भाताचा परिणाम रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० पर्यंत हे उद्दिष्ट धरले जाते. खूप वय झालेल्या किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा सोललेल्या बोटावर राहिलेला रस आकडा बराच वाढवू शकतो, आणि कोविडच्या काळात सर्वत्र वापरले गेलेले सॅनिटायझर पूर्ण न वाळता टोचले तरी आकडा चुकू शकतो. तीन महिन्यांच्या सरासरीची कल्पना देणारी एचबीए१सी चाचणी उपयुक्त असली तरी विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत, जेथे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, तेथे ती फसवू शकते, कारण ती लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. अशा रुग्णांत घरच्या मीटरचे आकडेच अधिक विश्वासाचे ठरतात.

आजारपणाचे दिवस

ताप आला, उलट्या सुरू झाल्या, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन बंद केले. मधुमेहाच्या तातडीच्या उपचारांत ही हकीकत पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि हा निर्णय साध्या तर्काला पटतोही: खाल्लेच नाही तर इन्सुलिन कशाला? येथे कोठाराची वाट लक्षात घ्यावी लागते. संसर्गाच्या वेळी शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन यांसारखी संप्रेरके सोडते. ती यकृताला साखर बाहेर काढायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणामही कमी करतात. त्यामुळे दिवसभर काही न खाल्लेल्या रुग्णाची साखर ३०० वर असू शकते. टाइप १ मध्ये अशा वेळी इन्सुलिन थांबवले तर शरीर इंधनासाठी चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. पोटात दुखणे, सतत उलट्या, जोरजोरात खोल श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि गुंगी ही त्याची लक्षणे आहेत, आणि उपचार मिळाला नाही तर त्यातून मृत्यू होऊ शकतो. कोविडमध्ये दम लागणे आणि कीटोॲसिडोसिसमध्ये श्वास जलद होणे हे बाहेरून सारखेच दिसते, ही त्या काळातली विशेष अडचण होती. पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९७ दिसतो, तरी मूल धापा टाकते आहे, अशा वेळी साखर आणि लघवीतले कीटोन तपासणे अत्यावश्यक असते. लघवीत बुडवून रंग पाहण्याच्या कीटोनच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, आणि टाइप १ असलेल्या प्रत्येक घरात त्यांची एक डबी असावी.

म्हणून आजारपणात दीर्घकाळ काम करणारे, म्हणजे दिवसातून एकदा घेतले जाणारे पायाभूत इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करू नये. त्याचा डोस काही वेळा वाढवावाही लागतो. साखर दर तीन-चार तासांनी पाहावी, दर तासाला पेलाभर पाणी, ताक किंवा मीठ घातलेली पेज थोडी थोडी घ्यावी, आणि साखर उतरू लागली तर थोडे गोड पेय घ्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

काही गोळ्या मात्र याच दिवसांत थांबवाव्या लागतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले की मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या असल्या तरी उपाशी आणि आजारी अवस्थेत त्या चालू राहिल्या तर कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, तोही साखर २०० च्या आसपास असताना. मीटरवर आकडा बरा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि म्हणून हा प्रकार अधिक फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपले, किमती उतरल्या आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. म्हणजे साथ ऐन भरात असताना ही गोळी अधिकाधिक घरांत पोहोचू लागली. ती लिहून देताना 'ताप-उलटीत बंद ठेवा' हे चार शब्द चिठ्ठीवर असणे ही फार मोठी मागणी नाही.

स्टिरॉइड आणि २०२१ चा उन्हाळा

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या कोविड-उपचारांच्या चाचणीने दाखवले की रोज ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नाही. हे औषध स्वस्त, सहज मिळणारे आणि खरोखर जीव वाचवणारे होते. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, व्हॉट्सॲपवर उपचारांच्या चिठ्ठ्या फिरत होत्या, आणि सौम्य आजारातही, जास्त डोसमध्ये, जास्त दिवस स्टिरॉइड घेतले गेले. स्टिरॉइड साखर वाढवते. ज्यांना मधुमेह होता त्यांची साखर ४००-५०० वर गेली, आणि अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच वेळी कळले.

येथे वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन गोळीमुळे साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी सर्वांत जास्त चढते, आणि पहाटेपर्यंत बरीच खाली येऊ शकते. म्हणजे सवयीने फक्त उपाशीपोटी साखर पाहणाऱ्या रुग्णाला ११० दिसते आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती ३५० असते. स्टिरॉइड चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासावे, एवढे एक वाक्य घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला सांगितले गेले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता असे मी मानतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्टिरॉइडसोबत वाढवलेले इन्सुलिन, स्टिरॉइड कमी होत जाते तसे कमी करावे लागते. ते कमी करायचे राहून गेले तर काही दिवसांतच साखर धोकादायकरीत्या उतरते.

म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'काळी बुरशी' म्हणून ओळखल्या गेलेल्या संसर्गाची, साथ याच पार्श्वभूमीवर आली. ही बुरशी मातीत, सडलेल्या पानांत, हवेत सर्वत्र असते आणि निरोगी शरीर तिला सहज परतवते. साखर खूप वाढली की तिला रोखणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होऊन बुरशीच्या वाढीला मिळते. त्यात स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबते. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, ठरवण्यास सांगितले. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी झालेला हाच तो कायदा. रुग्णांची संख्या गुजरात आणि महाराष्ट्रात सर्वाधिक होती, आणि ॲम्फोटेरिसिन बी या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते. नाक एका बाजूने चोंदणे, नाकातून काळपट स्राव येणे, गाल किंवा डोळ्याभोवती दुखणे-सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, वरचे दात अचानक हलू लागणे ही सुरुवातीची लक्षणे ज्यांना ठाऊक होती ते लवकर पोहोचले. इंजेक्शनासोबत सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागत असल्यामुळे उशीर झालेल्यांना कधी डोळा, कधी वरचा जबडा गमवावा लागला.

इन्सुलिन, वीज आणि पुराचे पाणी

२२ जुलै २०२१ रोजी, कोविड ओसरलेला नसतानाच, चिपळूणमध्ये पुराचे पाणी घरांत शिरले. वीज गेली, फ्रिज बुडाले. अशा वेळी फ्रिजबाहेर राहिलेले इन्सुलिन वाया गेले असे समजून लोक ते घेणेच थांबवतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते हे खरे, पण वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ३० अंशांखालील खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे चालते. जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी केनियातील निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानाचा आधार घेऊन केलेला अभ्यास २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची क्षमता टिकून राहिल्याचे त्यात दिसले. संकटात इन्सुलिन न घेण्यापेक्षा फ्रिजबाहेर राहिलेले घेणे आणि साखर अधिक वेळा तपासणे केव्हाही श्रेयस्कर. उन्हात किंवा बंद गाडीत तापलेले, बर्फाला चिकटून गोठलेले, किंवा एरवी पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे पण आता गढूळ झालेले इन्सुलिन मात्र टाकून द्यावे. दोन मातीची मडकी एकात एक ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली आणि आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली ठेवली तर मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला गारवा मिळतो. कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे तेथे हा उपाय तेवढा लागू पडत नाही.

तुटवड्यात आणखी एक चूक जिवावर बेतू शकते, ती सिरिंजची. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधले, तसेच काही बाटल्यांतले, १०० युनिटचे. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी. नेहमीचे मिळाले नाही म्हणून १०० युनिटची बाटली आणली आणि जुन्याच लाल टोपणाच्या सिरिंजने तोच आकडा भरला तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते. उलट अदलाबदल झाली तर निम्म्याहूनही कमी जाते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का हे प्रत्येक नव्या खरेदीला पाहावे.

पुराच्या चिखलात अनवाणी फिरल्याने पायाला झालेली जखम, बधिरपणामुळे कळतच नाही. रोज रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. दृष्टी अधू असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी पाहाव्यात.

कोणी शिकवायचे

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेची ओपीडी सुरू झाली. फोनवर सल्ला घेणे त्यामुळे रुळले. पण फोनवर डॉक्टर तेवढेच सांगू शकतात जेवढे रुग्ण सांगतो. गेल्या तीन दिवसांचे वेळेसह आकडे, औषधांची नावे आणि डोस, ताप, ऑक्सिजन आणि शेवटचे जेवण एवढे लिहून समोर ठेवणाऱ्याला पाच मिनिटांत नेमका सल्ला मिळतो. 'शुगर वाढलीय' एवढेच सांगणाऱ्याला मोघम उत्तर मिळणार, आणि तो दोष एकट्या रुग्णाचा नाही.

१५ सप्टेंबर २०२० पासून राबवलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासला आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांची नोंदही केली. राज्यातल्या एवढ्या घरांच्या दारात आरोग्ययंत्रणा पोहोचण्याची ती दुर्मिळ संधी होती. नोंद झालेल्या त्या माणसाला त्याच उंबऱ्यावर आजारपणातले नियम पाच मिनिटे समजावण्याची सोय असती तर तिचा उपयोग किती तरी वाढला असता. आशाताईंवर आणखी एक काम लादावे असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याकडे आधीच नोंदवह्यांचा ढीग असतो आणि मोबदला तुटपुंजा असतो. प्रशिक्षण, स्ट्रिपचा पुरवठा आणि मानधन यांसह हे काम त्यांच्याकडे द्यावे, नपेक्षा देऊ नये. शिकवताना समोर फक्त रुग्ण असून भागत नाही. स्वयंपाक जी करते ती, आणि ज्याच्या हातात फोन आहे तो नातू, हे दोघेही तेथे असावे लागतात.

तोपर्यंत प्रत्येक रुग्ण पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एक कागद मागून घेऊ शकतो. जेवण चुकले तर कोणती गोळी टाळायची, ताप-उलटीत कोणती थांबवायची आणि कोणती कधीच थांबवायची नाही, साखर कोणत्या आकड्याखाली किंवा वर गेली तर फोन करायचा, कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालय गाठायचे, आणि थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे सगळे मराठीत, मोठ्या अक्षरांत, तारखेसह त्यावर लिहिलेले असावे. त्याची एक प्रत औषधांच्या डब्यात आणि एक फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावा. औषध किंवा डोस बदलला की जुना कागद फाडून नवा करून घ्यावा, कारण अडचणीच्या रात्री घरचे लोक त्यावर लिहिले असेल तेच करणार.